आधी मागणी, मग काम : मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमशी ओळख

मेनफ्रेमचं प्रशिक्षण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाने सुरू होतं. इंजिनिअरिंग संपवून आलेली वीस-पंचवीस मुलंमुली एका खोलीत बसतात, समोर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात आणि पहिल्या दिवशी सांगितलं जातं की लॉगऑन असं करायचं, पीएफ-थ्रीने मागे यायचं, पीएफ-सेव्हनने वर, पीएफ-एटने खाली. दुसऱ्या दिवशी जेसीएल, म्हणजे सिस्टिमला जॉब सांगण्याची भाषा. पहिल्या दोन कॉलमांत दोन तिरक्या रेघा, नाव आठ अक्षरांच्या आत, मजकूर ७१व्या कॉलमच्या पुढे न्यायचा नाही. का? तर ‘असंच असतं’. आठवडाभरात मुलं कुणाचा तरी चालणारा जॉब कॉपी करून, त्यातली नावं बदलून सबमिट करायला शिकतात. कित्येकांची पुढची दहा-पंधरा वर्षं याच पद्धतीवर निघतात. जॉब चालला तर चहा, अबेंड झाला, म्हणजे मध्येच कोसळला, तर सीनियर.

हे पुस्तक त्या ‘का’साठी लिहिलं आहे. त्यात कमांड आहेत, जेसीएलही आहे, पण मागच्या बाकावर. पुढच्या बाकावर आहे ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आज झेडओएस या नावाने चालणारी, आणि तिच्या डोक्यात नेमकं काय असतं हा प्रश्न.

विंडोज किंवा लिनक्सवर वाढलेल्या मुलाच्या मनात एक समजूत इतकी मुरलेली असते की ती समजूत आहे हेच त्याला ठाऊक नसतं. प्रोग्रॅम आधी सुरू होतो आणि मग चालता चालता लागेल ते मागतो. फाइल हवी, उघडली. जागा हवी, मिळाली. नाही मिळाली तर तेव्हाचं तेव्हा बघू. झेडओएसवर बॅच जॉब चालतो तो नेमका याच्या उलट. कोणता डेटा लागणार, तो नवा की जुना, एकट्याला हवा की वाटून चालेल, डिस्कवर किती जागा लागेल, काम नीट झालं तर त्या डेटाचं काय करायचं, बिघडलं तर काय करायचं, हे सगळं काम सुरू होण्याआधी लिहून द्यावं लागतं. मागणी पुरी झाली की मगच प्रोग्रॅमला हात लागतो. मेनफ्रेममधल्या ज्या ज्या गोष्टी नवख्याला विचित्र, जुनाट किंवा निव्वळ छळ वाटतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक या एका अटीतून निघाल्या आहेत.

ही अट कुणाच्या लहरीतून आलेली नाही. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. तोवर त्या कंपनीची धंद्याच्या हिशेबाची यंत्रं वेगळी आणि शास्त्रीय गणिताची वेगळी होती, आणि एकावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. जीन अ‍ॅमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेड ब्रूक्स यांच्या आराखड्याने लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या यंत्रांना एकच सूचनासंच दिला. यंत्र महाग, मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची, आणि त्यावर पगारपत्रकापासून कोठारापर्यंत सगळ्या खात्यांची कामं एकामागून एक लावायची. डेटा टेपवर किंवा काढघाल करता येणाऱ्या डिस्कच्या गठ्ठ्यांवर. प्रोग्रॅमने मध्येच ‘मला अमुक टेप हवी’ म्हटलं, तर ऑपरेटर कपाटापर्यंत जाऊन ती आणून चढवेपर्यंत लाखमोलाचं यंत्र ताटकळत राहणार. त्यापेक्षा आधीच सांगा. टेप चढवून ठेवू, मग तुम्हाला आत घेऊ.

या यंत्रासाठी लिहिलेली ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टिम भलतीच लांबली. तिचं काम सांभाळणाऱ्या ब्रूक्सनी पुढे १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं ओतली की ते अधिकच लांबतं हा त्यातला मुद्दा आज ज्याने ते पुस्तक पाहिलेलंही नाही असा प्रोजेक्ट मॅनेजरसुद्धा मीटिंगमध्ये ऐकवतो. पण ज्या सिस्टिमच्या फजितीवर ते पुस्तक उभं आहे, तिचीच थेट वंशज आपल्या समोरच्या हिरव्या पडद्यामागे चालते आहे, हे सांगितलं की वर्गात माना वर होतात.

आता जेसीएल. त्यात मुख्य वाक्यं तीनच : जॉब, एक्झेक आणि डीडी. पहिलं सांगतं काम कुणाचं, दुसरं सांगतं प्रोग्रॅम कोणता, आणि तिसरं सांगतं डेटा कोणता. घोळ होतो तो तिसऱ्यापाशी, म्हणून तिथे थोडं थांबतो. कोबॉल प्रोग्रॅममध्ये खऱ्या फाइलचं नाव नसतंच, तिथे एक टोपणनाव असतं. नाटकाच्या संहितेत नुसतं ‘इन्स्पेक्टर’ लिहिलेलं असतं, आजच्या प्रयोगाला तो कोण उभा करणार हे संहिता सांगत नाही, ते व्यवस्थापक ठरवतो. डीडी म्हणजे ती त्या रात्रीची पात्रयोजना. तोच प्रोग्रॅम सोमवारी टेस्टच्या डेटावर, मंगळवारी प्रॉडक्शनच्या डेटावर चालतो, आणि त्यातल्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही.

कॉलमांचा जाच मात्र पंचकार्डाचा. कार्डावर ८० कॉलम. ७१ पर्यंत मजकूर, ७२वा ‘पुढे चालू’ची खूण करायला, आणि शेवटचे आठ कार्डाच्या क्रमांकासाठी, म्हणजे गठ्ठा हातातून पडून विखुरला तर यंत्राने तो पुन्हा लावून द्यावा. कार्डं गेली, कॉलम राहिले. यात गहन असं काही नाही. ते पाठ करा आणि पुढे चला.

आधी मागणी आणि मग काम हे तत्त्व डोळ्यांनी पाहायचं असेल तर आयईएफबीआर१४ या प्रोग्रॅमइतकं चांगलं उदाहरण नाही. हा प्रोग्रॅम काहीही करत नाही. मूळ रूपात त्यात एकच सूचना होती : रजिस्टर १४ मधल्या पत्त्यावर परत जा. जिने बोलावलं त्या सिस्टिमकडे लगेच परत. आणि तरीही जगातल्या जवळजवळ प्रत्येक मेनफ्रेमवर तो रोज चालतो, कारण डेटासेट तयार करणं आणि पुसणं ही कामं प्रोग्रॅमची नाहीतच. डीडीत ‘नवा’ असं लिहिलं तर जागा अडवली जाते ती प्रोग्रॅम सुरू होण्याआधी. ‘काम झाल्यावर पुसा’ लिहिलं तर पुसलं जातं ते प्रोग्रॅम संपल्यावर. दोन्ही कामं सिस्टिम करते. पण एक्झेकशिवाय स्टेप होत नाही आणि स्टेपशिवाय डीडी वाचलं जात नाही, म्हणून निमित्ताला कुणीतरी लागतं. हा तो निमित्तमात्र.

या एका ओळीतही बग निघाला. प्रोग्रॅम संपला की तो यशस्वी झाला की नाही हे सिस्टिम रजिस्टर १५ मध्ये पाहते. शून्य असेल तर ठीक. पण प्रोग्रॅमला बोलावताना त्याच रजिस्टरमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता भरलेला असतो, आणि आयईएफबीआर१४ तो तसाच ठेवून परत जायचा. परिणामी काहीही न करणारा प्रोग्रॅम काहीतरी बिघडल्याचा निरोप देऊ लागला. दुरुस्ती म्हणून रजिस्टर १५ शून्य करणारी दुसरी सूचना घातली गेली. प्रोग्रॅम दोन बाइटचा चार बाइटचा झाला. एवढ्या किश्श्यात मुलांना रजिस्टरांची शिस्त, रिटर्न कोड आणि अ‍ॅलोकेशन अशा तिन्ही गोष्टी कळतात, आणि त्या विसरल्या जात नाहीत.

जॉब सबमिट केल्यावर काय होतं? तो जेईएस-टू नावाच्या यंत्रणेकडे जातो. ती त्याला नंबर देते, स्पूलवर, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, ठेवते, जेसीएल तपासून सिस्टिमला कळेल अशा रूपात आणते आणि त्याच्या क्लासच्या रांगेत लावते. तिथून त्याला उचलतो तो इनिशिएटर. कन्सोलवर जेईएस-टूचे निरोप आजही ‘डॉलर हॅस्प’ या अक्षरांनी सुरू होतात. त्यातला ‘एच’ म्हणजे ह्यूस्टन. १९६०च्या दशकात नासाच्या तिथल्या केंद्रावर काम करणाऱ्या आयबीएमच्या लोकांनी स्पूलिंगसाठी जो प्रोग्रॅम लिहिला, त्याच्यातून जेईएस-टू निघाली. यंत्रं कैक वेळा बदलली, तरी निरोपांवरचं गावाचं नाव काही कुणी काढलं नाही.

इनिशिएटर जॉब उचलतो तेव्हा पहिली गोष्ट करतो ती अशी : जॉबच्या सगळ्या स्टेपमध्ये मिळून जितके डेटासेट लागणार, तितक्या सगळ्यांच्या नावांवर एकदम हक्क मागतो. ‘शेअर’ म्हटलं असेल तर इतरांबरोबर, ‘ओल्ड’ म्हटलं असेल तर एकट्याने. एक जरी मिळाला नाही तरी पहिली स्टेपसुद्धा सुरू होत नाही. जॉब हलत नाही म्हणून लॉग उघडावा, तर ‘डेटासेटसाठी थांबला आहे’ असा निरोप, आणि शोध घेता कळतं की कुणीतरी तोच डेटासेट पडद्यावर उघडा टाकून जेवायला गेला आहे. मुलं वैतागतात. तेव्हा त्यांना ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या गॅल्विनच्या पुस्तकातल्या डेडलॉकच्या प्रकरणाची आठवण करून द्यावी. एक वस्तू धरून ठेवायची आणि दुसरीची वाट पाहायची, हे दोघांनी उलटसुलट केलं की दोघेही कायमचे अडकतात. उपाय काय, तर लागतील त्या वस्तू सगळ्या एकदम मागायच्या, नाहीतर एकही घ्यायची नाही. परीक्षेत पाच मार्कांसाठी पाठ केलेला हा उपाय पुस्तकात आला तो बराचसा इथूनच. आयबीएमच्या हॅवेंडर यांनी १९६८ मध्ये ओएस/३६०च्या अनुभवावर लेख लिहिला आणि डेडलॉक टाळण्याचे मार्ग मांडले. आपण पेपरात जे लिहून आलो तेच आता आपला जॉब अडवून बसलं आहे, हे एकदा कळलं की वैताग निम्मा होतो.

मेमरीचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांब आहे आणि ते तसंच असायला हवं. १९७४ मध्ये आलेल्या, ओएस/३६०च्याच वंशातल्या एमव्हीएसने प्रत्येक जॉबला, प्रत्येक लॉगऑन केलेल्या माणसाला स्वतंत्र अ‍ॅड्रेस स्पेस दिली. प्रत्येकाला वाटावं की सगळी मेमरी आपलीच. प्रत्यक्षात ती ४ केबीच्या पानांत तुकडे होऊन काही खऱ्या मेमरीत, काही डिस्कवर विखुरलेली. पत्ता तेव्हा २४ बिटांचा होता, म्हणून मर्यादा १६ एमबी. १९८०च्या दशकात ती कमी पडली आणि पत्ता वाढवला गेला. पण ३२ बिटांचा नाही, ३१ बिटांचा. हा प्रश्न इंटरव्ह्यूमध्ये हमखास येतो आणि उत्तर हमखास चुकतं. जुन्या प्रोग्रॅमांमध्ये पत्त्यांची यादी एकमेकांना द्यायची रीत होती आणि यादीतला शेवटचा पत्ता ओळखू यावा म्हणून त्याचा सर्वांत डावीकडचा बिट चालू ठेवत. तो बिट पत्त्यात धरला असता तर आधीचे असंख्य प्रोग्रॅम मोडले असते. म्हणून तो सोडून दिला आणि मर्यादा ४ ऐवजी २ जीबी झाली. नंतर ६४ बिट आले तेव्हाही २ ते ४ जीबीचा पट्टा मुळात रिकामाच ठेवला गेला, कारण तो बिट चालू असलेला जुना पत्ता चुकून याच पट्ट्यात येऊन पडला असता. लोक १६ एमबीच्या हद्दीला ‘लाइन’ म्हणतात आणि २ जीबीच्या हद्दीला ‘बार’. लाइनला जाडी नाही, बारला आहे. साठच्या दशकातला प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर चालतो असं जाहिरातीत वाचायला छान वाटतं. त्याची किंमत अशी बिटाबिटाने मोजलेली आहे.

एकाच यंत्रात इतक्या परक्यांची कामं शेजारी शेजारी चालायची तर एकाने दुसऱ्याच्या डेटाला हात लावता कामा नये. त्यासाठी मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला ० ते १५ मधली एक किल्ली असते. आपले साधे प्रोग्रॅम बहुधा ८ नंबरच्या किल्लीने चालतात. सिस्टिमचा गाभा शून्याच्या. जिथे अधिकार नाही तिथे लिहायला गेलात की यंत्रच हात धरतं, आणि सकाळी लॉगमध्ये ‘सॉक-फोर’ हा अबेंड दिसतो. वापरणाऱ्याने काय पाहावं आणि काय नाही हे ठरवायला १९७६ पासून रॅकएफ आहे. त्याची ओळख शेवटच्या प्रकरणात थोडक्यात करून दिली आहे, कारण शिकाऊ माणसाच्या हाती त्यातलं फारसं काही नसतं.

सॉक-फोरचा भाऊ सॉक-सेव्हन. प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, रात्रीच्या झोपेचा हा जुना वैरी. तो जवळून पाहू. पाच आकडी रक्कम पॅक्ड डेसिमलमध्ये तीन बाइटांत बसते. प्रत्येक बाइटात दोन आकडे, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह : सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. आता समजा कुणीतरी त्या जागी आकड्याऐवजी तीन कोऱ्या जागा पाठवल्या. मेनफ्रेम अक्षरांसाठी एबसिडिक ही संकेतपद्धत वापरतं, त्यात कोरी जागा म्हणजे हेक्स ४०. तिन्ही बाइट ४०, ४०, ४०. यंत्र ते ४, ०, ४, ०, ४ असे आकडे म्हणून वाचत येतं, तक्रार करत नाही, आणि शेवटी चिन्हाच्या जागी त्याला शून्य सापडतं. शून्य हे चिन्ह नव्हे. हिशेब तिथेच थांबतो. दुसरी एखादी भाषा अशा वेळी गुपचूप त्या शून्यालाच अधिक धरून पुढे गेली असती, आणि कुणाच्या तरी खात्यावर ४०४०४ रुपये चढलेही असते. अबेंड म्हणजे अपयश असं शिकवतात ते मला पटत नाही. बँकेच्या कामात थांबता येणं हाही गुणच.

डेटासेटबद्दल एकच सांगतो, बाकी पुस्तकात आहे. इथली फाइल म्हणजे बाइटांचा प्रवाह नसून रेकॉर्डांची रांग असते, आणि ती आपोआप वाढत नाही. १० सिलिंडर मागितले आणि गरज पडल्यास ५-५ वाढवा म्हटलं, तर साधा सीक्वेन्शियल डेटासेट एका डिस्कवर एकूण १६ तुकड्यांपर्यंत वाढतो, म्हणजे ८५ सिलिंडर. त्यापुढे बी-थर्टीसेव्हनचा अबेंड. गंमत अशी की असे सिलिंडर असलेली डिस्क आता कुठे फिरतच नाही. आत फ्लॅश असतं आणि ते सिलिंडर असल्याची बतावणी करतं. तरी हिशेब सिलिंडरचाच. जागेसारखाच प्रोसेसरही वाटून द्यावा लागतो, आणि कुणाच्या कामाला तो आधी द्यायचा हे १९९४ पासून वर्कलोड मॅनेजर बघतो. यंत्र वापरणाऱ्या संस्थेने फक्त उद्दिष्ट लिहून द्यायचं, की नव्वद टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदाच्या आत झाले पाहिजेत, आणि तिथवर कसं पोचायचं ते सिस्टिमने ठरवायचं. मागणी आधी लिहून देण्याचंच हे दुसरं रूप.

आपल्याकडे ही यंत्रं शिकायचा रस्ता कधी सरळ नव्हता. भागभांडवल कमी करण्याची फेरा या परकीय चलन कायद्याची अट मान्य नसल्याने आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली, तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या कंपनीकडे आली, आणि आयबीएम परतली १९९२ मध्ये, टाटांच्या भागीदारीत. मग वायटूकेची लाट आली. दोन आकडी वर्षं चार आकडी करायला कोबॉलवाले हवे होते आणि मुंबई-पुण्यात क्लासेस उगवले. त्या घाईत जे शिकवलं गेलं ते कामापुरतं, आणि तोच कामापुरता अभ्यासक्रम नंतरच्या बॅचेसना हस्तांतरित होत राहिला. आज न्यूयॉर्कात उन्हाळ्यात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेआठ. तिकडच्या बँकेची रात्रीची बॅच हिंजवडीत बसलेली, लातूर नाहीतर चाळीसगावहून आलेली मुलं दिवसाढवळ्या सांभाळतात. जॉब पडला तर तो पुन्हा कुठल्या स्टेपपासून सुरू करायचा हा निर्णय त्यांना घ्यावा लागतो, तोही मिनिटांत. तो निर्णय कॉपी केलेल्या जेसीएलवरून घेता येत नाही. पहिल्या स्टेपने कोणता डेटासेट तयार करून ठेवला, बिघडल्यावर त्याचं काय करायचं असं डीडीत लिहिलं होतं, हे ज्याला दिसतं तोच तो घेऊ शकतो. मराठीत लिहिण्याचं कारणही तेच. इंग्रजीतली अधिकृत पुस्तकं उत्तम आहेत, ती वाचायचीच आहेत. पण ‘का’ विचारायची सवय आपल्या भाषेत लवकर लागते असा माझा अनुभव आहे.

सरावासाठी कंपनीच्या मशीनची वाट पाहू नका. आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा उपक्रम मोफत आहे आणि खऱ्या झेडओएसवर हात फिरवू देतो. घरच्या लॅपटॉपवर हवं असेल तर रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हर्क्युलिस हा एम्युलेटर घ्या. त्यावर एमव्हीएस ३.८ ही जुनी सिस्टिम चालते. तिच्यात नव्या सोयी नाहीत, शिकायला त्या लागतही नाहीत. पुस्तक उघडण्याआधी त्यावर एवढं करा : आयईएफबीआर१४ला एका नव्या डेटासेटचं डीडी देऊन, डिस्कचं नाव आणि ‘काम झाल्यावर ठेवा’ असं त्यात लिहून, सबमिट करा. डेटासेट तयार झाला का ते पाहा. मग त्या जेसीएलमधलं एकही अक्षर न बदलता तोच जॉब पुन्हा सबमिट करा. या वेळी तो चालणार नाही. स्पूलमध्ये जाऊन निरोप शोधा, आणि नाकारला तो प्रोग्रॅमने की त्याच्या आधीच कुणीतरी, हे कागदावर लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात ते लागेल.